पापाचं माप कुणाच्या हाती?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मासेमारी बंद होती, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या. लेकीला शाळेतून प्रकल्प मिळाला होता, महाराष्ट्रातल्या एका थोर स्त्रीचं चरित्र लिहून आणा म्हणून. जिजाबाई, सावित्रीबाई, अहिल्याबाई ही नावं वर्गातल्या मुलींनी आधीच पटकावली होती. हिच्या वाट्याला आल्या पंडिता रमाबाई. लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली आणि दुपारभर ती ओसरीवर वाचत बसली. मी आत बोंबील साफ करत होते. मध्येच तिनं विचारलं, की आई, पाप म्हणजे नक्की काय, आणि ते पाप आहे हे ठरवतं कोण?

खरं सांगते मैत्रिणींनो, मला उत्तर देता आलं नाही. मी म्हटलं, आधी जेवून घे. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. त्याचं कारणही होतं.

आमच्या धाकटी डहाणूत समोरच्या आळीत एक काकी राहतात. त्यांचा नवरा तरुणपणीच समुद्रात गेला. बोट सापडली, तो सापडला नाही. दोन लहान मुलं पदरात. तेव्हा तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण पाणी भरताना, मासळी निवडताना बायका कुजबुजायच्या. कुठल्या जन्मीचं पाप फेडतेय कोण जाणे. हिचा पायगुणच तसा. पुढे हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला त्यांना बोलावणं बंद झालं. मी लग्न होऊन आले तेव्हा ही रीत चालूच होती, मीही ती पुढे चालवली. मी कधी वाईट बोलले नाही एवढंच. पण दरवर्षी संक्रांतीचं आमंत्रण करताना काकींच्या दारासमोरून मान खाली घालून पुढे जायचे.

म्हणून त्या रात्री लेक झोपल्यावर मीच रमाबाईंचं पुस्तक उघडलं.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, तर लोक खवळले. बाईला देववाणी शिकवणं म्हणजे पापच, असा तो काळ. शास्त्रीबुवांना धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. तो त्यांनी शास्त्रांच्या आधारेच दिला आणि बायकोला घेऊन रानात जाऊन राहिले. तिथेच रमाबाई जन्मल्या. आईनं लेकीला पहाटे पहाटे शिकवलं. पुढे भागवताचे अठरा हजार श्लोक तिला तोंडपाठ झाले.

हे कुटुंब तीर्थाटन करत, पुराणं सांगत हिंडायचं. दक्षिणा मिळेल ती दानधर्मात जायची. पुण्य गाठीला बांधायचं, देव पाहून घेईल, ही श्रद्धा. मग दुष्काळ आला. अंगमेहनतीचं काम करायची सवय नाही, कमीपणा वाटायचा, आणि भीक मागणं तर शक्यच नव्हतं. अन्नावाचून दिवस काढता काढता १८७४ साली वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मोठी बहीणही गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं हजारो मैल पायी चालली. पंजाबात झेलमच्या काठी तर अंगावर पांघरूण नाही म्हणून वाळूत खड्डा खणून, गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्र काढली. वाचताना अंगावर काटा आला.

या मुलांनी सगळे नेम पाळले होते. उपास, स्नानं, दान, काही चुकवलं नव्हतं. मग हे कुणाच्या पापाचं फळ? रमाबाईंच्या मनात इथेच पहिला प्रश्न उभा राहिला असणार, असं मला वाटतं.

१८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी परीक्षा घेतली आणि विशीतल्या या मुलीला पंडिता आणि सरस्वती अशा पदव्या दिल्या. बायकांची कर्तव्यं काय, यावर व्याख्यानं द्या म्हणून लोक सांगू लागले. त्यासाठी रमाबाईंनी धर्मशास्त्रं मुळातून वाचायला घेतली. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हातात वेदांची प्रत दिली. आणि वाचता वाचता त्या चक्रावल्या. ग्रंथांचं एकमेकांशी कशातच जमेना. फक्त एका बाबतीत सगळ्यांचं एकमत त्यांना दिसलं, की बाई जातीनंच पापी, आणि नवऱ्याला देव मानण्यावाचून तिला गती नाही. शास्त्रं वेगळी वाचणारी माणसंही त्या काळी होती. खुद्द त्यांच्या वडिलांनीच ती वेगळी वाचली होती. पण रमाबाईंना जे दिसलं ते हे.

तुम्हीच विचार करा. पुरुषानं पाप केलं तर ते त्याचं कृत्य. बाईचं मात्र असणंच पाप. ही दोन मापं त्यांच्या मनाला बोचली.

पुढचं आयुष्य वावटळीसारखं गेलं. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. ते जातीनं शूद्र मानले गेलेले, त्यामुळे गहजब झाला. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीनं नवरा गेला. तेविसाव्या वर्षी विधवा, कडेवर लेक. नवऱ्याच्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांना सापडली होती, तेवढीच ख्रिस्ती धर्माची तोंडओळख. त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे बायकांना शिक्षिका आणि डॉक्टर होऊ द्या म्हणून साक्ष दिली आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावच्या सिस्टर्सच्या मठात राहू लागल्या.

सिस्टर्सनी एकदा त्यांना लंडनमध्ये फुलहॅमला नेलं. ज्यांना जग वाया गेलेल्या म्हणतं, अशा बायकांना तिथे आसरा मिळायचा. सिस्टर्स त्यांची सेवा करायच्या, काम शिकवायच्या. रमाबाई बघतच राहिल्या. अशा बाईला दयेनं वागवायचं असतं, हे त्यांनी कुठे पाहिलंच नव्हतं. हे का करता, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी बाईची कथा वाचून दाखवली. पाच नवरे झालेली ती बाई, आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. रमाबाईंचं मन तिथे वळलं. २९ सप्टेंबर १८८३ ला मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता लेकीच्या प्रश्नाकडे येते. ख्रिस्ती शास्त्रात पाप ठरवतं कोण? मी काही त्या धर्माची नाही. आमच्या घरी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा चुकत नाही. पण समजून घ्यायला काय हरकत आहे, म्हणून मराठी बायबल मिळवून वाचलं.

त्यात देवानं मोशेला सिनाय डोंगरावर दहा आज्ञा दिल्या. आईबापांचा मान राख, खून करू नको, व्यभिचार करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको, शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नको, अशा. याला तिथे नियमशास्त्र म्हणतात. हा कायदा राजाचा नाही, देवाचा. म्हणून राजाही त्याच्या खाली. दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत पुढे पाठवून मारवलं, तर नाथान नावाचा संदेष्टा त्याच्याकडे जाऊन त्याला पापी ठरवतो. राजाला मान खाली घालावी लागते.

नियमशास्त्र मोठे नियम सांगतं. ते रोजच्या जगण्यात कसे उतरतात, हे सांगायला नीतिसूत्रे नावाचं दुसरं पुस्तक आहे. ते मला फार आवडलं, कारण त्यात शहाणपण ही एक बाई आहे. ती चव्हाट्यावर, वेशीपाशी उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारते. चोरी करू नको हे आज्ञेनं सांगितलं, तर ही सांगते की खोट्या तराजूची देवाला किळस येते. ते वाचून मला माझी आई आठवली. आई डहाणूच्या बाजारात टोपली घेऊन बसायची. मासळी तराजूनं कमी, वाट्यानं जास्त विकली जाते. वाट्यात वर ताजी मासळी मांडायची आणि खाली कालची सरकवायची, ही युक्ती बाजाराला ठाऊक. आई ते करायची नाही, मला करू द्यायची नाही. तिला मोशे ठाऊक नव्हता. पण देव वाट्याच्या खालचं बघतो, हे ठाऊक होतं.

आता इथे एक मेख आहे. नीतिसूत्रे सांगतं की जो वाईट वागतो त्याचं वाईट होतं. लोक ते उलटं करतात. ज्याचं वाईट झालं त्यानं वाईट केलंच असणार, म्हणतात. म्हणजे आमच्या काकींच्या बाबतीत झालं तेच. पण त्याच बायबलात ईयोबाचं पुस्तक आहे. सरळ वागणारा माणूस, आणि पोरंबाळं, गुरंढोरं, आरोग्य सगळं जातं. मित्र येऊन सांगतात, काहीतरी पाप केलंस, कबूल कर. तो म्हणतो, नाही केलं. आणि शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. येशूची एक गोष्टही अशीच. जन्मांध माणूस पाहून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, दोघांनीही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्यानं सांगितलं की ते इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते, तुम्ही आपापलं बघा.

हे वाचलं आणि पुस्तक मिटून मी किती वेळ नुसती बसून होते.

आणखी एक प्रसंग तुम्ही ऐकला असेल. व्यभिचारात पकडलेल्या बाईला दगड मारायला निघालेला जमाव. त्यातली एक गोष्ट माझ्या आधी लक्षात आली नव्हती. नियमशास्त्रात शिक्षा दोघांना सांगितली होती, पुरुषालाही आणि बाईलाही. पण ओढून आणली ती एकटी बाई. म्हणजे कायद्याचं नाव घेणाऱ्यांनीच अर्धा कायदा घरी ठेवला होता. ज्यानं कधी पाप केलं नाही त्यानं पहिला दगड मारावा, असं येशू म्हणाला आणि एकेक जण निघून गेला. पण त्या बाईला तू काही केलंच नाहीस असंही तो म्हणाला नाही. जा आणि पुन्हा पाप करू नको, म्हणाला. पापाला पाप म्हटलं आणि माणसाला वाचवलं. रमाबाईंना हवं होतं ते हेच असणार. माप सगळ्यांना एक, आणि मापाच्या जोडीला दया.

पण नवा धर्म घेतला म्हणून त्यांनी आपली अक्कल गहाण टाकली नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत आणि शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायचा विषय निघाला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ठणकावून लिहिलं, की हिंदुस्थानात पुरुषांच्या सभांपुढे मी बोलत आले, इथे कसली अडचण? मठातल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. त्यांच्याशीही खटके उडाले. देवाची आज्ञा मानेन, पण माणसाच्या प्रत्येक हुकमाला देवाची आज्ञा समजणार नाही, असा त्यांचा सूर होता. मांसाहार त्यांनी शेवटपर्यंत केला नाही.

इंग्रज सरकारलाही त्यांनी तेच माप लावलं. १८८७ साली मुंबईच्या कोर्टानं रखमाबाईंना नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असं फर्मावलं. तेव्हा सरकारनं पुरुषांचीच बाजू घेतली म्हणून रमाबाई कडाडल्या. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी इस्पितळात बायकांचे जे हाल झाले, त्यावर मुंबईच्या वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिलं. थेट गव्हर्नरला त्याची दखल घ्यावी लागली.

मधल्या काळात त्या अमेरिकेला जाऊन आल्या. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला त्या हजर होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर १८८७ साली इंग्रजी पुस्तक लिहून त्यांनी पैसे उभे केले आणि ११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. तिथे शिकलेल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली पुनर्विवाह केला. त्याच वर्षी मुली ख्रिस्ती धर्माकडे वळतायत म्हणून मोठं वादळ उठलं. केसरीनं कडक टीका केली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक मुलींना घरच्यांनी काढून नेलं. पोटच्या पोरीचा धर्म जाईल ही आईबापांची भीतीही खोटी नव्हती, हे आपण समजू शकतो. आणि त्या मुलींना दुसरं दार कुठे उघडं होतं, हेही विचारायला हवं.

या सगळ्यांत मला सगळ्यात भिडली ती १८९१ च्या सुमाराची गोष्ट. बाप्तिस्म्याला आठ वर्षं झाली होती. देशोदेशी नाव, मोठं काम. आणि तेव्हा रमाबाईंना जाणवलं, की ख्रिस्ताचा धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही. आतापर्यंत शास्त्रांना, चर्चला, सरकारला लावलेलं माप त्यांनी स्वतःला लावलं. तिथेही कमी भरलं. देवाचा नियम तराजूसारखा असतो. माप किती कमी आहे ते तो बिनचूक सांगतो, पण कमी पडलेलं भरून देत नाही. पौलाच्या पत्रांत हेच आहे, की नियमानं पाप कळतं, पण धुतलं जात नाही. ते धुणं देवाच्या कृपेनं होतं, आपल्या पुण्याच्या हिशेबानं नाही. लहानपणी ज्यांनी पुण्याचा हिशेब ठेवत ठेवत आईबाप गमावले, त्या बाईला हे उमगल्यावर किती हलकं वाटलं असेल.

आणि मग त्यांचा हात आणखी मोकळा झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली आणल्या. दौंडजवळ केडगावला माळरान घेऊन ठेवलं होतं, तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. १८९९ मध्ये शेजारीच कृपा सदन काढलं. फुलहॅमला पाहिलेलं ते हेच. जिला घर, जात, गाव कुणीच थारा देत नाही तिच्यासाठी. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडूनही मुली आणल्या. गुजरातेतून पुण्याकडचा रेल्वेचा रस्ता आमच्या डहाणूवरूनच जातो. त्या हाडांचा सापळा झालेल्या पोरी याच रुळांवरून गेल्या असतील, हे मनात आलं की आता लोकलची वाट बघताना स्टेशन वेगळं दिसतं.

केडगावला दोन हजारांच्या आसपास बायकामुली झाल्या. शेती, विणकाम, तेलघाणा, गाईगुरं, छापखाना, सगळं बायका चालवत. मनोरमेनं आंधळ्या मुलींना शिकवलं. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची मोठी लाट आली. मुली ज्यानं त्यानं आपलं पाप आपल्या तोंडानं कबूल करत, दुसरीचं नाही. आणि शेवटची कितीतरी वर्षं रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या मराठीत आणत होत्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून. नियमशास्त्र, नीतिसूत्रे, ईयोब, सगळं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा आईच्या आधी गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. त्यांचं पूर्ण बायबल छापून झालं ते १९२४ साली, त्याच छापखान्यात.

लेकीला मग मी माझ्या परीनं उत्तर दिलं. पाप म्हणजे आपण केलेलं वाईट आणि करायचं टाळलेलं चांगलं. कुणावर कोसळलेलं दुःख म्हणजे पाप नाही. आणि त्याचं माप हातात घेतलं, तर पहिल्यांदा आपली टोपली मोजायची. तिनं ते वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, की मग काकींना आपण बोलावत का नाही? पोरी बरोबर नेम धरतात.

या संक्रांतीला मी काकींच्या दारी गेले. इतक्या वर्षांत काय बोलायचं ते सुचेना. मी चुकले, एवढंच म्हटलं. त्यांनी बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. बघते, म्हणाल्या. संध्याकाळी बायका पांगायला लागल्यावर आल्या आणि दाराशीच टेकल्या. एक जण उठून गेली. दुसरीनं सरकून चटईवर जागा केली. मी हळदीचं बोट लावलं, काकींनी कपाळ मागे घेतलं नाही. लेकीनं त्यांच्या हातात वाण दिलं.

जाताना त्या एवढंच म्हणाल्या, की पुढच्या वर्षी लवकर सांग, कामाचं बघायला लागतं.